अक्रोडावरून पडलेल्या इसमास उभे राहू देणेबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
जिल्हा आरोग्य कचेरी,
व्रानोवित्सा, सर्बिया.

विषय : कमरेचा मणका मोडलेल्या अर्जदारास दोन पायांवर राहू देणेबाबत.
संदर्भ : जिल्हा रुग्णालयाच्या दोन डॉक्टरांनी आपणाकडे केलेली संयुक्त तक्रार.

महोदय,

मी स्रेतेन येवटिच, राहणार दोन्या येलोवा, धंदा लाकडी पिंपे बनविणे, आपणास आदरपूर्वक कळवितो की,

१. ऑक्टोबरात अक्रोड झोडपीत असता फांदी मोडून अर्जदार बुडावर आपटला. पाय आहेत की गेले, हे कळेना. पत्नी देसांका हिने धावत येऊन पायाच्या अंगठ्याला कचकचून चिमटा काढला. अर्जदार बोंबलला. "ओरडतोय! देवा, ओरडतोय!" म्हणून ती तिथेच रडू लागली. अर्जदाराच्या ओरडण्याने तिला आनंद झाल्याचा हा पहिलाच प्रसंग होय.

२. तपासणीअंती कमरेचा पहिला मणका फुटला असून नसा शाबूत असल्याचे आढळले. शस्त्रक्रियेचे डॉ. पेयिच म्हणाले, "स्क्रू आणि सळया घालू, लवकर चालायला लागशील." व्यायामोपचाराच्या डॉ. लुचिचबाई म्हणाल्या, "कापायचं काय कारण? पट्टा बांधा आणि उठवा." उभयतांचे बोलणे फार वर्षांपासून बंद असल्याने हा वाद अर्जदारामार्फतच चाले. "त्या सुताराला सांगा, हे टेबल नाही, माणूस आहे." "बाईंना सांगा, पट्टा पोट आवळायला बरा." निर्णय होईतो उताणे पडून राहण्याचा हुकूम झाला. निर्णय झाला नाही.

३. मग राजधानीहून प्रोफेसर आले. फोटो पाहून म्हणाले, "नसा ठीक आहेत, मणका फार वाकलेला नाही. अशा वेळी कापा नाहीतर पट्टा बांधा, वर्षभरात माणूस साधारण सारखाच बरा होतो." हे ऐकून दोघेही डॉक्टर जिंकल्याच्या चेहऱ्याने बाहेर पडले. पत्नीने विचारले, "साहेब, मग आमच्या माणसाचं करायचं काय?" "दोन्हीपैकी काहीही करा. पण करा हो काहीतरी!" एवढे बोलून तेही गेले.

४. अर्जदाराच्या मापाचा पट्टा तयार होऊन आला, परंतु तो बांधल्यास डॉ. पेयिच हरले असते, सबब तो खाटेशेजारी खिळ्याला टांगण्यात आला. अर्जदाराच्या मांड्यांच्या काठ्या झाल्या, टाचा चिघळल्या. गेल्या मंगळवारी घेवड्याचे सूप भरवता भरवता पत्नीने चमचा खाली ठेवला. म्हणाली, "अरे, मी विधवा व्हायचीसुद्धा तयारी केली होती. पण असं नाही. ऊठ." तिने पट्टा काढून बांधला. डोळ्यांपुढे अंधारी आली, तिच्या गळ्यात पडलो, आणि उभा राहिलो. खिडकीतून अंगणात सिगारेटी ओढणारी माणसे दिसली. इतकी देखणी माणसे अर्जदाराने पूर्वी पाहिली नव्हती.

५. पत्नीला धरून व्हरांड्यात पाऊल टाकताच दोन्ही डॉक्टर समोर आले. "आडवा हो!" दोघे एका सुरात ओरडले, आणि एकमेकांकडे पाहून चक्क हसले. डॉ. पेयिच यांनी बाईंना कॉफीला बोलावले. अर्जदार हुकमाविना उठल्याची संदर्भित तक्रार त्याच कॉफीवर लिहिली गेली. वॉर्डात आनंदीआनंद आहे.

सदर सलोख्यास बाधा आणण्याची अर्जदाराची मुळीच इच्छा नाही. तथापि त्याखातर अर्जदारास पुन्हा आडवा करू नये, ही विनंती. करणे अटळच असल्यास पत्नीची समजूत आपण स्वतः घालावी. ती आपल्या दाराबाहेर मला धरून उभी आहे.

आपला नम्र व तूर्त उभा,
स्रेतेन येवटिच
दि. २७ नोव्हेंबर

सोबत : मणक्याचा फोटो, एक.