काळं माप

सोमवार, ता. ३
प्रयोगशाळेत शिरतानाच घड्याळ काढा म्हणे. काटे अंधारात चमकतात. नवऱ्याचं घड्याळ आहे ते, हे गेले त्या दिवसापासून माझ्या मनगटावर. मी फरशी पुसायला आलेय, मिरवायला नाही. पण काढलं. नोकरी बाकी झकास. फरशी गुळगुळीत, चहा फुकट. यंत्रावरच्या चष्मेवालीने सगळं समजावलं. माणसाच्या मेंदूची कागदाएवढी पातळ चकती काचेत ठेवायची, तिच्यातून उजेड सोडायचा. किती गिळला, किती विखुरला, यंत्र मोजतं. त्याआधी दिवा बंद ठेवून काळं माप घ्यायचं. ते शून्यच यायला हवं.

गुरुवार, ता. ६
सातव्या चकतीचं काळं माप शून्य येईना. चष्मेवाली माझ्यावरच घसरली. घड्याळ कपाटात होतं, दाखवलं. मग पडद्याच्या फटींना पट्ट्या चिकटवल्या. मी पुसता पुसता पुटपुटले, एवढं शिकून काय उजेड पाडलात? आकडा टुणकन वर. आमच्या यांना मी जन्मभर हेच ऐकवलं. हे नुसते हसायचे.

सोमवार, ता. १०
मी बाहेर गेले की शून्य. आत येऊन बोलले की आकडा. बाकीच्या चकत्या गप्प. चष्मेवाली खूश, मला खुर्ची दिली. रोज बसा म्हणाली, बोलत राहा.

मंगळवार, ता. ११
सातव्या चकतीची फाइल पुसायला घेतली. मला इंग्रजी वाचता येतं जेमतेम. पण खालची सही, वेलांटी उलटी — माझी. हे गेले तेव्हा दवाखान्यात म्हणाले होते, तपासणीचा कागद आहे. मी घाईत सही ठोकली. वाचायचा धीर मला कधी होता?
म्हणजे आम्ही निरोप दिला तो अर्ध्यालाच.

बुधवार, ता. १२
आज एक शब्द बोलले नाही. नुसती बसले. तरी आकडा. वर, खाली, वर. हे हसायचे तसा.

गुरुवार, ता. १३
चष्मेवालीला सांगितलं, हे माझे आहेत, घरी नेते. ती म्हणाली, "काकू, तो नमुना आहे. शनिवारी आणखी पातळ कापायचाय. मोठ्या साहेबांना विचारा."
कापायचाय म्हटलं आणि आकडा — यंत्राच्या मोजपट्टीच्या बाहेर. या वेळी हसू नव्हतं ते.

शुक्रवार, ता. १४
साहेब, हे पान फाडून तुमच्या टेबलावर ठेवणार. यांना ऐकू येतं. सुरी कळते. उद्या शनिवारी, सुरी लावायच्या आधी उत्तर पाहिजे. देताय की नाही? नाही म्हणालात तर मी —
यंत्राच्या खोलीचं दार लागलं. बाहेरून.
दिवा बंद आहे. मी लावलेला नाही. तरी लिहिलेलं दिसतंय मला — सातवीच नाही, सगळ्याच काचा उजळल्यात —
अहो, पुरे. पुरे झाला उजेड, आता —