एकशे सव्वीस मतांचा प्रकल्प

३ डिसेंबर
वीस तारखेला केंद्रप्रमुख माझा तास बघायला येणार. नववी, विषय स्त्रियांचा मताधिकार. संकल्प : या वेळी पुस्तक वाचून दाखवायचं नाही. मुलं हलली पाहिजेत.
संध्याकाळी वाडीची बैठक. ग्रामपंचायतीला आमच्या वाडीतून सदूदादाला (माझा सख्खा थोरला भाऊ) उभं करायचं एकमताने ठरलं. बायका आत चहा करत होत्या, त्यामुळे वेळ वाचला. पुरुष ९८ (मुंबईचे धरून), बायका १२६. सगळी मतं आपलीच. चिटणीस म्हणून तसं लिहिलं.

५ डिसेंबर
तास घेतला. न्यूझीलंड १८९३, मुंबई इलाखा १९२१. रितेशने विचारलं, न्यूझीलंडने वर्ल्डकप किती वेळा जिंकला. नंतर आम्रपाली उभी राहिली.
"सर, मत मिळालं. पण कोणाला द्यायचं ते कोण ठरवतं?"
प्रश्न उत्तम आहे, उद्या बघू, म्हणालो.

६ डिसेंबर
महापरिनिर्वाण दिनाची सुट्टी. सुटलो.

८ डिसेंबर
आम्रपाली विसरलेली नाही. म्हणून प्रकल्प देऊन टाकला : मुलींनी घरोघर जाऊन बायकांना मतदान समजावून सांगायचं. फोटो फाइलला लागतील. मला काही करावं लागणार नाही.

११ डिसेंबर
आम्रपालीने आमच्याच पडवीत बुटाच्या खोक्याची मतपेटी मांडली. दादा प्रचाराला बाहेर गेलेला. वाडीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या. शमिकाने (सौ.) मला विचारलं, कोणी कोणाला मत दिलं ते नंतर कळतं का. अर्धा तास समजावलं : कोणालाही कळत नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिने माझं शेवटपर्यंत ऐकलं. कोपऱ्यात बचतगटाची आनंदीबाई होती. दादाच्या विरुद्ध फॉर्म भरलाय बिचारीने. तिलाही चहा दिला. आपण उदार आहोत.

१५ डिसेंबर
मतदान. बायका घोळक्याने गेल्या, हसत हसत परत आल्या. दादाला म्हटलं, गुलाल आणून ठेव.

१७ डिसेंबर
निकाल. सदूदादा ९८. आनंदीबाई १२६.
आकडे ओळखीचे वाटले. पुरुष एकजूट राहिले, ही समाधानाची बाब.
म्हणजे वहिनीनेसुद्धा.
बैठकीत दादा एवढंच म्हणाला, "बायकांना ह्या कोणी शिकवलान, त्याचा नाव मला हवा." चौकशी समिती नेमली. शिकलेला माणूस म्हणून एकमताने मीच.

१८ डिसेंबर
चौकशी सुरू. शमिकाला विचारलं, कोणाला दिलंस.
"तुम्हीच सांगितलंत ना, नवऱ्याला सांगायचं नसतं," म्हणाली आणि भात वाढला. जेवलो.

२० डिसेंबर
केंद्रप्रमुख आले. प्रकल्पाचं काय झालं, असं त्यांनी वर्गाला विचारलं. मी फळा पुसू लागलो. आम्रपाली म्हणाली, "एकशे सव्वीस जणींना शिकवलं, सर. सगळ्या पास झाल्या."
त्यांनी शेरा लिहिला : १२६ स्त्रियांना मतदानाचे शिक्षण, अत्यंत परिणामकारक अध्यापन. लिहू नका म्हणून हात जोडले. त्यांना तो विनय वाटला. बावीस वर्षांच्या नोकरीतला पहिला चांगला शेरा.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर ग्रामपंचायतीसमोर सत्कार. शाल, नारळ आणि तो शेरा फ्रेम करून. हस्ते : नवनिर्वाचित सदस्या आनंदीबाई. टाळ्यांत वहिनी सगळ्यात पुढे. दादा निकालापासून तिकडे फिरकत नाही, तेवढं बरं.
फ्रेम भाताच्या कणगीमागे लपवली होती. दुपारी उठलो तर शमिकाने ती पडवीत टांगलेली.
पडवी सामाईक आहे. दादा चष्मा आणायला गेलाय.