तीन टिंबांचा हुक

बाबा, सोमवारी तुमचा हुक माझ्या टेबलावर आला. क्रेनचा जुना हुक, मानेवर ठशानं ठोकलेली तीन टिंबं. पास केलेल्या हुकावर मारायला प्रत्येक तपासनिसाची आपली खूण असते. तुमची तीन टिंबं, माझी एक आडवी रेघ. तुम्ही नोकरीत असतानाच गेलात आणि अनुकंपावर तुमची जागा मला मिळाली, तेव्हापासून तुमचंच काम करते आहे. फक्त तुमच्यासारखी हातोडी मारून कान देत नाही. हुकला तेल चोपडते आणि त्यावर मशीनचा प्रोब टेकवते. त्यातून असा आवाज आत जातो की माणसालाच काय, कुत्र्यालाही ऐकू येत नाही. लोखंड अखंड असलं तर तो पार दुसऱ्या टोकाला आपटून परत येतो. आत चीर असली तर मधूनच फिरतो आणि पडद्यावर नको तिथं टोक उभं राहतं. सोमवारी ते उभं राहिलं. तेल कमी पडलं असेल म्हणून पुसून परत लावलं, चारदा लावलं. टोक जागचं हललं नाही.

मला मोहाडीच्या बाजारातला तो माठ आठवला. माठ घ्यायचा तर तुम्ही बोटानं ठोकून कान लावायचात, आणि बाजूच्या बाया आपलेही माठ तुमच्यापुढं धरायच्या. त्या दिवशी तुम्ही ठोकला तो बद्द वाजला. मी ऐकलं, आईनं ऐकलं, कुंभारानं तर मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, खणखणीत आहे, घ्या. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरात पाणीच पाणी. आईनं फडक्यानं टिपलं आणि त्या माठात राख भरून ठेवली. कुकरची शिटी तुम्हाला ऐकू येत नाही हे आम्हाला आधीच कळलं होतं. मग एकदा जेवताना मीच म्हटलं की साहेबांना सांगून टाका, दुसरं काम देतील. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात.

"मंग खाशीन काय? हे क्वार्टर कोनाच्या कानावर उभं आहे, मालूम आहे काय तुले?"

मला तुमचा राग आला होता. अजून आहे. पण मी गप्प बसले, आणि पुढं दोन वर्षं तुम्ही हुक ठोकत राहिलात, टिंबं मारत राहिलात. ती चीर तेव्हाची की नंतरची, देव जाणे. मशीन चीर किती खोल ते सांगते, कधीची ते सांगत नाही.

साहेबांना बोलावण्याआधी मी कानस घेतली आणि तुमची तीनही टिंबं घासून काढली. मग नापास लिहिलं. साहेबांनी विचारलं, आधी कोणी पास केला होता? म्हटलं, मालूम नाही. ते हळहळले, कळलं असतं तर त्या माणसाचे सगळेच हुक उतरवून पाहिले असते म्हणाले. मी मान डोलावली, बाबा. लाज वाटली नाही, भीती वाटली. आई अजून शेजारणींना सांगते, "त्याइच्या कानाले तोड नव्हती." तिच्यासमोर मी कोणत्या तोंडानं बसू?

आणि अजून एक हुक आहे. तीन टिंबांचा, मागच्या शेडमधल्या क्रेनवर. त्याच्या खाली आमचा एक फिटर रोज डबा खातो, तिथं वारा लागतो म्हणून. मलाही बोलावतो, ताई, या बसा. काल मी जाऊन बसले. डोळे सारखे वर जात होते, आणि त्याला उठ म्हणायला तोंड उघडेना.

तपासणीची पाळी येण्याआधी हुक उतरवायचा तर फॉर्म भरावा लागतो. मंगळवारपासून तो माझ्या पर्समध्ये आहे. क्रेनचा नंबर लिहिला, सही केली. कारण लिहायला चार ओळींची जागा आहे, तिथं तुमचं नाव आणि तुमचे कान लिहायचे आहेत. आज गुरुवार. त्या चार ओळी कोऱ्याच आहेत, आणि मी हे एवढं मोठं पत्र तुम्हाला लिहीत बसले आहे.