सेंदाईची आजी

प्रिय शाल्मली,

ओळखलंस का? नसेल तर सांगते, मी तुझ्या बापाची आई. अॅडलेडला, मॉसन लेक्सच्या घरात, मागच्या खोलीत असते. चारशे वर्षांपूर्वीचे जपानी शेतकरी तुला नावानिशी पाठ, म्हणून म्हटलं आपली आठवण आपणच करून द्यावी. मी बोलते आहे आणि शेजारची मेधा लिहिते आहे, ती याचा फोटो काढून आजच तुला फोनवर धाडेल. तुझ्या आईबापाला हे माहीत नाही. का, ते पुढे येईलच.

इकडे बरं आहे. तळ्यावरची बदकं भर रस्त्यात बसतात आणि गाड्या त्यांच्यासाठी थांबतात. तुझ्या आईने कढीपत्ता कुंडीतून काढून जमिनीत लावला, तो रुसला आहे. मी त्याला म्हटलं, दोन-तीन वर्षं लागतात रे बाबा.

तुझं पुस्तक आलं. तुझ्या बापाने, चारूने, ते हॉलमध्ये असं मांडलंय की येणाऱ्याने विचारलंच पाहिजे. त्याला मात्र नीट सांगता येत नाही, मग मी सांगते. त्या काळी जपानातल्या शेतकऱ्याला विचारलं, तू कुठला, तर तो आपल्या सरदाराचा मुलूख सांगायचा. आपण सगळे जपानी, हे त्याच्या मनात कधी आलं आणि कोणी आणलं, एवढं शोधायला माझ्या नातीने तरुणपण घातलं. बायका वा वा म्हणतात आणि लगेच तुझ्या लग्नाचं विचारतात.

मी तुला मागे म्हटलं होतं, त्यात शोधायचं काय, घर सुटलं की कळतं. पुण्यात मी कऱ्हाडची होते. इथे आले आणि विमानतळावरच इंडियन झाले. तू म्हणालीस, वादळात भरकटून परमुलखाला लागलेल्या खलाशांच्या जबान्यांतही असंच काहीसं सापडतं. मला बरं वाटलं. मग कळलं की माझं वाक्य तू जपानीत करून तिथे सेंदाईत त्या फुमीला ऐकवलंस आणि ती पोट धरून हसली. बोलणं माझं, आणि त्यावर हसायला तुझ्यासमोर ती.

फुमिए-सान म्हण, असं सांगशील. नाही म्हणत. तुझी घरमालकीण आहे, माझ्याच वयाची आहे, एकटी आहे, सगळं मान्य. पण एकदा तू फोन टेबलावर उभा करून विसरलीस ना, तेव्हा मी बघत होते. आपल्या मोडीसारखी ती जुनी लपेटलेली अक्षरं, हल्लीच्या जपान्यांनाही लागत नाहीत म्हणे. तुम्हा दोघींची डोकी एका कागदावर, तिचं बोट अक्षराखालून सरकतंय, आणि तू मान डोलावतेस. लहानपणी माझ्या मांडीवर झोपून गोष्ट ऐकताना डोलवायचीस, तश्शीच. मला आपलं तुझं पुस्तक उलटं धरलंय की सुलटं, हेही मेधाला विचारावं लागतं. मेधा म्हणते, हे नका लिहायला सांगू. लिही म्हटलं.

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी शाल ओढून पडले होते, आवाज खोल गेला होता. ते सोंग होतं. तिथल्या विद्यापीठाने तुला कायमची जागा देऊ केली, शुक्रवारी उत्तर द्यायचंय, म्हणून चारूने आणि तुझ्या आईने बेत केला. पूर्वी नाही का, ‘आई आजारी, ताबडतोब निघ’ अशी तार जायची, आणि मुलगा धावत घरी यावा तर आई पुऱ्या तळतेय आणि मुलगी बघायला जायचं ठरलंय. तसंच. मीही आनंदाने पडले, कारण फुमीच्या हातून तू सुटणार होतीस. तू रडलीस, म्हणालीस, नको म्हणून कळवते. मी जिंकलेच होते. तेवढ्यात ती मागून आली, तुझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला कमरेतून वाकून नमस्कार केला. धडधाकट अंथरुणात पडलेल्या मला. तेव्हापासून घास गोड लागत नाही. मेधा नर्स आहे, तिने तपासलं. मी खणखणीत आहे. तुझ्यावर हक्क सांगायचा तर तो मी उठून बसून सांगेन, मरणाचं सोंग आणून तिच्यावर मात नाही करायची मला. तू ती नोकरी घे. चारूला मी बघते. सुट्टीत मात्र ये, आणि ती काय खाते, कधी झोपते, यातलं एक अक्षर सांगू नकोस. आणि हो, ती आलुबुखारासारख्या फळाचं खारवलेलं लोणचं घालते म्हणतेस, ते पाठव. पण दुकानातलं, सीलबंद. घरचं इथले कस्टमवाले सोडायचे नाहीत, आणि समज सोडलं, अन् तिच्या हातचं चांगलं निघालं, तर ते मला चालणार नाही.

तुझीच, आणि तिच्याआधीची,
आजी