उयारकसाठी दुसरं नाव

ओटावा, ४ मार्च

प्रिय आई,

तू बरी असशील, सीलचं मांस शिजवून सगळ्यांना जेवू घालत असशील. आम्हीही बरे आहोत असं लिहायचं असतं, म्हणून लिहिते. मामाचा नात्सिक आज विमानाने उत्तरेला, आपल्या बर्फातल्या गावी निघालाय, त्याच्याबरोबर हे पत्र देते. फोनवर अख्खं घर कान लावून बसतं आणि मला हे फक्त तुझ्याशी बोलायचंय.

इथे दवाखान्यात उकडतं, जेवण मिळमिळीत. माझ्या उयारकच्या नाकात नळ्या आहेत, त्यातून यंत्र हवा सोडतं. एवढंसं पोर, श्वास घेताना बरगड्यांमधलं कातडं आत ओढलं जातं. मी तेच बघत बसते. माझा डोळा लागला तर तेवढ्यात ह्याचा श्वास थांबेल असं वाटतं.

विषाणूचं नाव डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं, माझ्या तोंडी बसेना. म्हणाल्या, "मोठ्यांना नुसती सर्दी होते, म्हणून कुणी त्याचं नावच काढत नाही."

"मग औषध द्या की."

"ह्याला औषध नाही हो. लढायचं त्यालाच आहे, आम्ही श्वासाला टेकू देतो."

गावच्या दवाखान्यात फ्लू नाही, कोविड नाही, बाळांना होतो तो नेहमीचाही नाही म्हटल्यावर आपण किती हरखलो होतो. त्या आनंदात सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि एकेकाने त्याला मांडीवर घेऊन, गालाला नाक लावून हुंगलं. तूही. तुला खोकला होता, आई. त्याला घेऊन इथे येताना विमानात मला तुझा फार राग आला होता. आता नाही. शिंकत तर मीही होते.

काल तू फोनवर उयारकला झापलंस, "अहो, पुरे झाली नाटकं, घरी या आता. मेल्यावरसुद्धा मला छळायचं सोडलं नाहीत." नर्सने विचारलं, ह्या कोण? म्हटलं, माझी आई, आणि हे तिचे यजमान. आमच्यात गेलेल्याचं नाव बाळाला दिलं की तो माणूसच परत आला असं मानतात; ह्याला माझ्या वडिलांचं नाव दिलंय ना, म्हणून मीही ह्याला बाबाच म्हणते. ती हसली. मीही हसले, मग बाहेर जाऊन रडले.

तुला 'ठीक आहे' म्हटलं ते खोटं होतं. आज सुधारला नाही तर घशात नळी घालून त्याला झोपवून ठेवणार आहेत.

बाबा छातीच्या दुखण्यानेच गेले. शेवटी त्यांच्याही बरगड्या अशाच आत जायच्या. नावाबरोबर ती छातीही आली की काय, अशी भीती वाटते. पोर आजारी पडलं की पूर्वी दुसरं नाव द्यायचे, तूच सांगतेस. गेलेल्या पिट्सुलाक मावशीचं दे. बाईचं नाव मुलाला चालतं आपल्यात, आणि तिची छाती अशी दणकट की तिने हाक मारली की खाडीपलीकडची कुत्री उठायची.

म्हणजे मी तुझा नवरा पुन्हा तुझ्याकडून काढून घेतेय. कळतंय मला. हा आल्यापासून तू त्याच्याशी भांडायला लागलीस, तेव्हा कुठे घरात तुझा आवाज ऐकू आला. मागू नये ते मागतेय.

पत्र वाचलंस की फोन कर. मी तो त्याच्या कानाशी धरीन. अहो म्हणू नकोस. मावशीच्या नावाने हाक मार, मोठ्याने.

तुझी मुलगी, आणि आता त्याची मुलगी नाही, नुसती आई,
लिटिया