बेडकाची अक्षरं

२२ जून
प्रसेनजित आला. माझ्या बायकोचा, प्राचीचा, एम.एस्सी.चा वर्गमित्र, हैदराबादच्या प्रयोगशाळेत असतो. सुट्टीवर नांदुऱ्याला घरी आलाय. ओट्यावर डबा ठेवला. आत सुलतानपूरच्या विहिरीतल्या बेडकांच्या बोटांचे शेंडे, डीएनए तपासायला! लोक पेढे आणतात.

२४ जून
मला समजलं ते असं. प्रायॉन नावाचं प्रथिन बिघडलं की गायीगुरांना वेड लागतं. न बिघडलेलं ते आपल्या मेंदूत निमूट असतं, बेडकाच्याही. कोणत्या बेडकात त्याचा जीन कसा आहे, हे ताडून पाहायचं. माणसाच्या जीनमध्ये एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, बेडकाच्या येत नाही. पुनरुक्ती हा काव्यदोष — म्हणजे बेडूक निर्दोष.

१७ जुलै
शेंडे तपासून हैदराबादहून बेडकांच्या जीनची अक्षरं आली. रोज संध्याकाळी दोघं लॅपटॉपसमोर. तो एका बेडकाची वाचतो — ए, टी, जी — ती दुसऱ्याशी ताडते. मध्येच हसतात. चार अक्षरांच्या भाषेत विनोद कसा करतात?
लग्नापासून पेपरला पाठवायची माझी प्रत्येक बातमी मी आधी तिला वाचून दाखवतो, ती चुका धरते. आज म्हणाली, थांबा ना जरा. बातमी तशीच पाठवली.

१८ जुलै
कापसाची घटलेली आवक 'वाढली' म्हणून छापून आली. मलकापुरात चहाच्या टपरीपर्यंत हसू. दोष अर्थात प्रसेनजितचा.

२१ जुलै
तो आला नाही. मीच वाचायला बसलो! सवयीनं आठ-आठ अक्षरांचे चरण पाडले, वर चाल लावली.
"अहो, श्लोक म्हणून राह्यले का? तीन-तीन वाचा. जागा हरवते मले."
तीन-तीन वाचलं. एकदाही हसली नाही.

२२ जुलै
षड्रिपूंत मत्सर शेवटचा. म्हणून धाकटा समजत होतो.

२७ जुलै
प्रसेनजितला गाडीत बसवायला नांदुऱ्याला गेलो — गेला याची खात्री करायला. फलाटावर म्हणाला, "भाऊ, तुम्ही तरी सांगा तिले."
तिला त्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांची जागा मिळाली होती. मार्चमध्येच नाही कळवून मोकळी झाली. मला पत्ता नाही! जागा अजून रिकामी आहे. महिनाभर तो तिला तेवढंच समजावत होता.

२८ जुलै
कारण विचारलं. कोथिंबीर निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, "तुमच्या बातम्या कोण ऐकन मग?"

३० जुलै
कालची बातमी एकट्यानं वाचून पाठवली. दोन चुका छापून आल्या. येऊ देत. माळ्यावरची मोठी बॅग काढून पुसून ठेवली आहे.