डावीकडच्या तक्रारी

दि. ३ जून

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला. पत्रात निदान एकाचं तरी पुरं होतं. ओळी एकमेकींच्या डोक्यावर बसलेल्या नाहीत ना? पुठ्ठ्याला ओळीएवढ्या लांब फटी कापल्यात. तो कागदावर ठेवायचा आणि एकेका फटीत लिहीत खाली उतरायचं. ही युक्ती गुरुवारच्या गटात मिळाली. होय, गेलो मी अखेर. वाचनालयाच्या वरच्या खोलीत नजर गेलेली, जाऊ लागलेली अशी बारा-तेरा माणसं दर गुरुवारी जमतात.

पण कसा गेलो ते ऐक. दारातल्या बाईंनी विचारलं, नाव नोंदवायला आलात का? मी छाती काढून सांगितलं, की मी मदतनीस म्हणून आलोय, न दिसणाऱ्यांना हात द्यायला. बाई बरं म्हणाल्या आणि लगेच काम दिलं: ऑपरेटरबाईंना जिना उतरवून द्या. या बाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नाही. मी ऐटीत कोपर पुढे केलं. तीन पायऱ्या झाल्यावर त्यांनी हळूच सांगितलं, की आता वळण आहे, कठडा उजव्या हाताला आहे, आणि मदतनीस नवीन दिसतात. खाली पोचेपर्यंत कोण कुणाला उतरवतंय, माझं मलाच कळेना. पुढच्या गुरुवारी मुकाट्याने सभासदांच्या वहीत नाव घातलं.

अडतीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काड्या वाकवल्या मी. येईल त्याला डोळे तपासून घ्या म्हणायचो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! स्वतः मात्र सकाळी दुकान उघडलं की भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचायचो आणि ती आली की नजर पोलादी समजायचो. डॉक्टरांसमोरही ती एका दमात म्हणून दाखवली. ते शांतपणे म्हणाले, समोरचं ठीक आहे, कडा गेल्यात. काचबिंदू असाच असतो. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं खात येतो. आता मधलंही चिमूटभरच उरलंय.

मुद्द्याचं आता. हे रक्तातून येतं, सख्ख्या भावंडांनी डोळ्यांचा दाब मोजून घ्यावा, असं डॉक्टरांनी बजावलंय. मोठं नेत्ररुग्णालय तुझ्या घरापासून दोन थांब्यांवर. जाऊन ये.

मेहुण्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवत बसण्याआधी डोळे दाखवून ये.

तुझा,
दादा


दि. ११ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. ओळी सरळ आहेत, लिहिणारा होता तसाच वाकडा. मदतनीस म्हणे! हसता हसता सुई बोटात गेली माझी.

माझ्या डोळ्यांचं सोड. काळ्या कापडावर काळा दोरा घेऊन बसते मी, आणि बारीकातल्या बारीक सुईत पहिल्या फटक्यात ओवते. समोरच्या औषधवाल्याची तरणीताठी सून माझ्याकडून सुई ओवून नेते. शिवाय शाळेच्या सभागृहाचे पडदे शिवायला घेतलेत. बावीस पट्टे, एकेक दोन पुरुष उंच. जुलैअखेर द्यायचेत. तोवर शिंकायला सवड नाही, दवाखाना कुठला?

बाकी हल्ली माणसांचं काही खरं नाही बघ. ह्यांना चहाचा कप नेमका माझ्या डाव्या कोपराशी ठेवायची खोड लागलीय. महिन्यात तीन कप फुटले, तिसरा शाळेच्या पडद्यावर. जन्मभर इमारतींचे नकाशे काढले या माणसाने, आणि कपाची जागा कळत नाही! सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, शेवटी त्यांची खुर्चीच पलीकडे हलवली. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई रुसून बसल्यात. म्हणे त्या दारात उभ्या असतात, हसतात, आणि मी मान वर करून बघतही नाही. आता त्यांचं दार जिना चढताना डाव्या हाताला. तिथं मांजरासारखं उभं राहण्यापेक्षा घसा खाकरावा माणसाने. आणि परवा बँकेच्या कोपऱ्यावर एक सायकलवाला डाव्या अंगाने येऊन धडकला. वर मलाच सुनावतो, की बाई, घंटी वाजवली होती. घंटी मीही ऐकली रे, पण कुणी दिसायला नको?

तुला माझी पत्रं वाचून कोण दाखवतं? जो कोणी असेल त्याला माझा नमस्कार आणि सहानुभूती.

हे तुला नमस्कार सांगतात, पलीकडच्या खुर्चीतून. लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास की उपदेशही वाढतो.

तुझी,
बारकी


दि. २० जून

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आमचे कंडक्टर वाचतात. बसमधून निवृत्त झालेत, डोळे धडधाकट, दर गुरुवारी सगळ्यांचा टपाल-कारभार बघतात. आवाज मात्र अजून बसमधलाच. हळू वाचा म्हटलं तरी मागच्या बाकापर्यंत जातो. त्यामुळे तुझे तीन कप साऱ्या खोलीने ऐकले. तिसरा पडद्यावर सांडला तेव्हा लोक पोट धरून हसले. तुझ्या पत्रावर खूश आहेत सगळे.

फक्त ऑपरेटरबाई हसल्या नाहीत. त्यांनी कपांचं पुन्हा वाचायला लावलं. मग दाराचं. मग सायकलवाल्याचं. आणि विचारलं, या बाईंच्या उजवीकडची माणसं बरी वागतात का?

त्यांचं म्हणणं असं. एक्स्चेंजवर तीस वर्षं तक्रारी घेतल्या, पण माझ्या फोनमध्ये बिघाड आहे असं कुणीच सांगत नसे. पलीकडचा हळू बोलतो, पलीकडचा मध्येच गप्प होतो, हेच सगळ्यांचं गाऱ्हाणं. तक्रार नेहमी पलीकडच्या माणसाची. एकाच घरातून अशा तीन आल्या, की त्या घरी माणूस पाठवायच्या.

मी तिथेच कान पकडले. कारण बारके, मी दुकानातल्या स्टुलाशी दोन वर्षं भांडलोय. कुणीतरी ते मुद्दाम वाटेत ठेवतं म्हणून मालकांकडे तक्रार केली होती. रस्त्यातला दिव्याचा खांब नगरपालिकेने पुढे सरकवलाय, असं मी चार लोकांत छातीठोकपणे सांगत असे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर अख्खं गाव वाकडं ठरवलं होतं.

एक कर. खुर्चीत बस, उजवा डोळा हाताने झाक, समोरच्या भिंतीवर एक ठिपका धरून ठेव. मेहुण्यांना सांग, डाव्या कानामागून कप हळूहळू पुढे आणा. दिसला की बोल. मग दुसऱ्या डोळ्याचं तसंच दुसऱ्या बाजूने. आणि काहीही निघो, दाब मोजायला जाच. कपाच्या परीक्षेत फक्त मोठे चोर सापडतात.

लोभ असावा, आणि राग आला तर तोही पोस्टाने यावा.

तुझा,
दादा


दि. २९ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझ्या घरातले कप बारा माणसांत फोडलेस! एवढ्या खाजगी गोष्टी मी सख्ख्या भावाला लिहिल्या होत्या, अख्ख्या बसला नाही. कंडक्टरसाहेब, यापुढचं कृपा करून मनातल्या मनात वाचा. पण मग दादाला कसं कळणार? बरं, वाचा. ऑपरेटरबाई असतील तर जरा मोठ्यानेच वाचा.

त्यांना खोटं पाडायला मी परीक्षा घेतली. रिकामा कप, हे माझ्या मागे. मी उजवा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याकडे बघत बसले. बराच वेळ गेला. मी वैतागून म्हटलं, आणा की आता, मुहूर्त बघताय का? मी आणखी बोलले, जरा जास्तच बोलले. तेव्हा म्हणाले, की कप कधीचा तुझ्या गालाजवळ हलवतोय. मला वाटलं थट्टा करतात. दादा, एकतीस वर्षांच्या संसारात या माणसाने एकदाही थट्टा केलेली नाही.

कप दिसला तेव्हा जवळजवळ नाकासमोर होता.

उजव्या डोळ्याने नीट दिसलं. मग मी उठले आणि पडद्याचे तीन पट्टे एका बैठकीत शिवले. ह्यांनी खुर्ची गुपचूप मूळ जागी आणली आणि मी त्यांना माफी न मागता चहा करून दिला.

रुग्णालयात मात्र गेले नाही. दोनदा थांब्यावर उभी राहिले, दोन्हीदा बस आली, दोन्हीदा भाजी घेऊन परत आले. घरात इतकी भाजी झालीय की ह्यांना संशय येतोय. हस, पण खरं सांगते. जोवर तिथे जात नाही, तोवर मी फक्त एका वेंधळ्या नवऱ्याची बायको आहे. गेले आणि त्यांनी सांगितलं, की मग ते खरंच झालं. उजवाही जाणार असेल तर? सुई सोडून मला दुसरं काय येतं रे?

पडदे संपले की बघू.

लोभ असू दे. या वेळी थोडा वाढव, माझी हरकत नाही.

तुझी,
बारकी


दि. ५ जुलै

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र कंडक्टरांनी वाचलं, आणि पहिल्यांदाच या माणसाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला नाही.

हे पत्र मी लिहून कुणाला दाखवलेलं नाही. फटीतून बाहेर आलेल्या ओळी सांभाळून घे.

मी लोकांना सांगतो, की काचबिंदू चोरपावलांनी आला. तुलाही तेच सांगितलं. ते खोटं आहे. आमच्या दुकानात महिन्यातून एकदा डॉक्टरीणबाई यायच्या. सहा वर्षांपूर्वी त्यांनी मला गंमत म्हणून यंत्रासमोर बसवलं, आणि चेहरा बदलून एक चिठ्ठी लिहून दिली: दाब जास्त आहे, आठवड्यात मोठ्या रुग्णालयात जा. मी ती खणात ठेवली. वर सुट्या काड्या ठेवल्या, त्यावर स्क्रूची डबी. पुढच्या महिन्यात त्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, की जाऊन आलो, सगळं ठीक आहे. तेव्हा माझं बरंच शाबूत होतं, बारके. रोजच्या थेंबांनी ते राहिलं असतं. गेलेलं कुणी परत आणत नाही, पण उरलेल्याला राखण बसवता येते. माझ्या दारावर त्याने चांगलं खणखणीत वाजवलं होतं. मीच आतून ओरडलो, घरात कुणी नाही म्हणून.

म्हणजे भाजी घेऊन परत येणारी तू आमच्या घराण्यात पहिली नाहीस. पण तुझा उजवा अजून आहे. त्याच्यासाठी जा.

आमच्या गटाची एक रीत आहे. पहिल्या तपासणीला कुणी एकटं जात नाही. शेजारच्या खुर्चीवर गटातलं एक माणूस बसतं, आणि तेही मुद्दाम अजिबात न दिसणारं. म्हणजे रडू आलं तर बिनधास्त रडता येतं, कुणी बघितलं म्हणून लाजायला नको. तुझ्यासाठी ऑपरेटरबाईंनी स्वतःच नाव दिलंय. येत्या मंगळवारी सकाळच्या बसने त्या आणि मी येतोय. कंडक्टर येणार नाहीत, पण आम्हाला बसमध्ये बसवून ड्रायव्हरला दम देणार आहेत. थांब्यावर ये. पिशवी आणू नकोस.

लोभ आहे, म्हणूनच हे लिहिलं.

तुझा,
दादा


दि. १८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मंगळवारी तू डोळ्यांसमोरच होतास, तरी सगळं लिहिते. तू अर्धा वेळ पाणी कुठे मिळतं ते शोधायला गेला होतास आणि क्ष-किरणांच्या खोलीत सापडलास.

तुम्ही दोघं बसमधून उतरलात, ते दृश्य जन्मात विसरणार नाही. तुला वाटत होतं तू त्यांना उतरवतोयस, त्यांना वाटत होतं त्या तुला. ड्रायव्हर मात्र घाबरून दोघांना उतरवत होता.

डॉक्टर काय म्हणाले ते ह्यांना तीनदा सांगितलं, तुला एकदा पुरे. डावा निम्म्याहून जास्त गेलाय, तो परत यायचा नाही. उजव्याच्या कडेला नुकती सुरुवात आहे. रोज संध्याकाळी थेंब, दर तीन महिन्यांनी दाब, एकही दिवस खाडा नाही, तर उजवा टिकेल असं त्यांना वाटतं. पडदे शिवायला हरकत नाही म्हणाले. मी त्यांना विचारलं, दोन वर्षं आणखी आले नसते तर? ते कागद नीट करत बसले.

बाहेर आल्यावर ऑपरेटरबाईंच्या शेजारी बसले आणि रीतीप्रमाणे रडले. चांगली पंधरा मिनिटं. त्यांनी बरोब्बर वेळेला रुमाल पुढे केला. तुम्हाला कसं कळलं असं विचारलं, तर म्हणाल्या, रडतानाही तुम्ही नाक ओढता ते तुमच्या भावासारखंच. म्हणजे तूही त्यांच्या शेजारी बसून रडला होतास. हे मात्र तू कोणत्याच पत्रात लिहिलं नाहीस. असू दे.

कंडक्टरसाहेब, पुढच्या तीन ओळी फक्त दादाच्या कानात वाचा. चिठ्ठीचं मी कुणाला बोलणार नाही. पण तू गुरुवारी स्वतःच सांग. तिथे खणात चिठ्ठी ठेवलेलं कुणीतरी नक्की बसलेलं असेल.

मास्तरीणबाईंकडे जाऊन आले. हात जोडून सांगितलं, की डावीकडून दिसत नाही, रागावू नका. त्या इतक्या कळवळल्या, की आता मी जिना चढायला लागले की आतूनच खाकरायला सुरुवात करतात. सगळ्या इमारतीला वाटतं त्यांना खोकला झालाय.

आता शेवटचं. काल ऑपरेटरबाईंचा फोन आला. तुमच्याकडचे एक घड्याळजी पुढच्या बुधवारी इथे पहिल्या तपासणीला येतायत. एकटे आहेत, दोनदा अर्ध्या वाटेवरून परत गेलेत. बाईंना सर्दीने उठवत नाही, तेव्हा शेजारच्या खुर्चीवर मी बसावं. मी चाट पडले. म्हटलं, बाई, तुमची रीत न दिसणाऱ्या माणसाची आहे. मला तर उजव्याने लख्ख दिसतं. माझ्यासमोर तो बिचारा रडणार कसा?

बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाल्या, त्यांना डावीकडे बसवा.

लोभ असू दे. बुधवारी आठवण काढ.

तुझी,
बारकी